सत्तेचाळीस सेकंद

खट्. एवढाच आवाज झाला, आणि इशिताला थोपटत थोपटत पाऊण तासात जमवलेली दुपारची शांतता मधोमध तडकली. हॉलमधल्या इंटरकॉमचा रिसीव्हर कुणीतरी उचलला होता. कुणीतरी म्हणजे कोण, घरात आम्ही दोघीच. मी आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून लॅपटॉपवर प्रुफं वाचत होते, आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "ठेव! ठेव आधी तो खाली! किती वेळा सांगितलंय, उचलायचा नाही म्हणून!" खरं तर एकदाही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कारणच नव्हतं. नोएडातल्या आमच्या या चौदाव्या मजल्यावर इंटरकॉम उचलल्यानं काही म्हणजे काही बिघडत नाही. कानात ऊंऽऽ असा एक सूर येतो, तेवढंच. मी धावत बाहेर आले तर माझी चार वर्षांची मुलगी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी, केस विस्कटलेले, एकाच पायात मोजा, खालचा ओठ बाहेर आलेला. "मी तर सिर्फ ऐकत होते," ती म्हणाली. मी रिसीव्हर तिच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला आणि तिला पोटाशी धरलं. फार लांबून आलेलं, मोठ्या कष्टानं जुळलेलं काहीतरी आत्ता, या क्षणी, तुटलं असं आतून कुणीतरी ओरडत होतं. तिच्या केसांत नाक खुपसून उभी असताना मग हळूहळू लक्षात आलं, मघाचा आवाज माझा नव्हताच. तो आईचा होता. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधला, एकतीस वर्षांपूर्वीचा. इतकी वर्षं तो माझ्या गळ्यात कुठे बसून होता कोण जाणे.

त्याला जागं करणारं पान लॅपटॉपवर उघडंच होतं. पान चौतीस. शांतारामकाकांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त निघणारी स्मरणिका. शांतारामकाका म्हणजे आईचे ऑफिसातले साहेब आणि आमच्या मराठी मंडळात सगळ्यांचे काका, दोन्ही एकदम. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्याबद्दल येत्या रविवारी त्यांना ओवाळायचं होतं, आणि गुरुवारी चारच्या आत फाइल छापखान्यात जायची होती. त्यांची सून साधनाताई फाइल पाठवताना म्हणाली होती, "केतकी, तूच बघ गं एकदा. दिल्लीत आता ऱ्हस्वदीर्घ कळणारं उरलंय कोण?" इशिता झाल्यावर नोकरी सुटली तेव्हापासून मी अशी कामं करते. दुपारी दीड ते तीन, ती झोपते तेवढ्यात, डब्यातला लाडू चोरून खावा तशी. तर काकांच्या त्या लेखात लिहिलं होतं: '१९९४ साली खात्यासाठी मोडेमचा संपूर्ण प्रोग्रॅम मी सिद्ध केला. फोन मध्येच बिघडला तरी सत्तेचाळीस सेकंद वाट पाहून, जिथे थांबले तिथूनच पुढे पाठवण्याची ही युक्ती त्या काळी अपूर्व मानली गेली. ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंजांचा दीर्घ अभ्यास करून मी हा अवधी निश्चित केला. टंकलेखनासाठी श्रीमती प्रभा यांचे साहाय्य झाले.' टंकलेखन. मी तो शब्द तीनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. श्रीमती प्रभा म्हणजे माझी आई.

कुणाला वाटेल, एवढ्यातेवढ्यावरून काय. पण त्या वेळी इंटरनेट नव्हतं, निदान आमच्यासारख्यांना माहीत नव्हतं. जिल्ह्याजिल्ह्यातून हिवतापाच्या रुग्णांचे आकडे दिल्लीला पोस्टानं यायचे, आणि ते पोचेपर्यंत त्यातली माणसं एकतर बरी झालेली असायची नाहीतर गेलेली. आईच्या खात्याला ते आकडे त्याच दिवशी, फोनच्या तारेवरून हवे होते. मोडेम नावाची एक चपटी पेटी कॉम्प्युटर आणि फोन यांच्या मध्ये बसायची. इकडचे आकडे ती शिटीसारख्या आवाजात बदलायची, पलीकडची पेटी त्या आवाजाचे पुन्हा आकडे करायची. पण पेटी नुसती किंचाळणार. फोन कुणाला लावायचा, पलीकडे आपलंच माणूस आहे का, पाठवलेला तुकडा धड पोचला का, नसेल पोचला तर परत कुठून सुरुवात करायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम लागतो. तो आई लिहीत होती. घरी बसून, कारण माझं पाळणाघर बंद पडलं होतं आणि मुलीपायी आणखी रजा मागणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. ऑफिसचा कॉम्प्युटर शांतारामकाकांनी स्वतःच्या फियाटमधून आणून दिला, मॉनिटर स्वतः उचलून जिने चढवला. हे मला नाकारायचं नाही. त्यांचा घामेजलेला सफारी आणि "प्रभा, पाणी दे आधी" हे मला अजून आठवतं. कॉम्प्युटर बेडरूममध्ये, गोदरेजच्या कपाटाला चिकटून बसला. फोन हॉलमध्ये. तार मात्र दोघांना मिळून एकच. हॉलमधला रिसीव्हर उचलला की आतली शिटी फाटायची, मोडेम भांबावून फोन ठेवून द्यायचं, आणि आईचं अर्ध्या तासाचं काम पुन्हा पहिल्यापासून.

आणि मी उचलायचे. दुपारी आई आत, दार लोटलेलं, पंखा घरघरतोय, आणि फोनच्या त्या काळ्या पोटात कुणीतरी आहे हे मला पक्कं ठाऊक. कानाला लावला की ते किंचाळायचं, खरखरायचं, मला वाटायचं कुणाला तरी बोलता येत नाहीये, म्हणून चिडून रडतंय. मग मी त्याला नीट, बाबांनी शिकवलं होतं तसं, सांगायचे: "हॅलो. कोण बोलतंय? मी केतकी बोलतेय. आई कामात आहे. बाबा ऑफिसात आहेत. नंतर फोन करा हं. ठेवते." दर वाक्यानंतर थांबायचे, पलीकडच्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. आणि मग आतून आईचं ते "ठेव! ठेव आधी तो खाली!"

मग तो दिवस आला. खात्याचे सचिव ऑफिसात येऊन पडद्यासमोर बसणार होते, आणि आकडे येताना त्यांना दाखवायचे होते. जिल्ह्याच्या ठिकाणी अजून यंत्रं पोचली नव्हती, म्हणून त्या दिवसापुरतं आमचं घर म्हणजे ओरिसातला एखादा लांबचा जिल्हा, आणि माझी आई त्या जिल्ह्याची एकमेव कर्मचारी. तिनं मला जेवू घातलं, थोपटलं, मी डोळे मिटले, ती आत गेली. मी डोळे उघडले. नऊशे आकड्यांपैकी सहाशे बारा दिल्लीच्या त्या टोकाला पोचले होते तेव्हा मी रिसीव्हर उचलून सांगितलं की आई कामात आहे. सचिव म्हणे हसले आणि चहाला उठले, ते परत त्या खोलीत आलेच नाहीत. दोन महिन्यांनी आईची बदली खात्याच्या लायब्ररीत झाली. पुस्तकांवर शिक्के मारत ती तिथूनच निवृत्त झाली. आमच्याकडे पाहुणे आले की बाबा हा किस्सा सांगायचे. माझे बाबा, अविनाश, विनोद सांगताना आधी स्वतःच हसायचे. "आमच्या केतकीनं चौथ्या वर्षी भारत सरकारचा फोन कापला!" सगळे हसायचे, आई पोह्यांच्या ताटल्या आणायची, मी माझी ताटली घेऊन आत जायचे. बाबा गेले, विनोद राहिला. तो माझ्याबरोबर शाळेत आला, कॉलेजात आला. इशितासाठी मी नोकरी सोडली तेव्हा अनुरागला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाईट वाटलं. मला आत कुठेतरी वाटलं, बरोबर आहे, असंच व्हायला हवं होतं. हे मी कुणालाच बोलले नव्हते.

त्या दुपारी इशिता माझ्या कडेवर होती, हुंदके ओसरत आलेले, आणि मी उगाच इंटरकॉमकडे बघत होते. सत्तेचाळीस सेकंद. कुणीही पन्नास ठरवेल, मिनिट ठरवेल. सत्तेचाळीस हा आकडा कुणीतरी मोजल्याशिवाय येत नाही. आणि तेवढ्यात मला आई ऐकू आली, पण वेगळी आई, गाणं म्हटल्यासारखी: "केतू, उऽचल!" मी धावत जाऊन उचलायचे, माझं सगळं भाषण करायचे, ठेवायचे. आतून आवाज: "पुन्हा!" मी पुन्हा. दहा वेळा झालं की लिंबाची गोळी. हे मला नेहमीच आठवत होतं, तो आमचा एका उन्हाळ्यातला खेळ होता, पण ते ओरडणं आणि हा खेळ मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. एकाच फोनवरचे, एकाच घरातले. खेळ ओरडण्याच्या आधीचा की नंतरचा? मी इशिताला खाली उतरवलं, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून आईच्या कागदांची पत्र्याची ट्रंक ओढली. बाबा गेल्यावर आईनं मयूर विहारला लहान घर घेतलं तेव्हापासून ही ट्रंक आमच्याकडेच आहे. "आई, तू डस्ट खातेस," इशिता खालून म्हणाली. ट्रंकेच्या तळाशी हिरव्या कापडी पाठीचं सरकारी रजिस्टर. आत प्रोग्रॅमच्या ओळी, पेन्सिलीनं, आईच्या त्या सरळ, एकमेकींना धक्का न देणाऱ्या अक्षरांत. आणि मग एका पानावर, जून १९९४, म्हणजे सचिव चहाला उठले त्यानंतरचा महिना: 'के. उचलला, २९. के., ३६ (खोकला). के., ३३ (गोळी मागितली). के., ४१.' असं पानभर. पान उलटलं, पुन्हा पानभर. ती आत बसून हातातल्या घड्याळात बघत होती. माझं बोलणं मोजत होती. काम हातातून गेलेलं, बदलीचा कागद कुठल्यातरी टेबलावर टाइप होत असलेला, आणि ही बाई आपली मुलगी फोन किती वेळ अडवते ते टिपून ठेवतेय, म्हणजे तेवढा वेळ थांबायला यंत्राला शिकवता येईल. मी तशीच फरशीवर बसले. इशिता माझ्या मांडीत येऊन बसली आणि आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. सगळ्यात मोठा आकडा एक्केचाळीस होता. मी दोन्ही पानं चारदा पाहिली. सत्तेचाळीस कुठेच नव्हता.

"यार केतकी, एक्केचाळीस आणि सत्तेचाळीस, मॅच कुठे होतंय?" संध्याकाळी जेवताना अनुराग म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त बेरीज जुळलेली आवडते. "ऐंशी पार केलेला माणूस आहे. रविवारी त्याला ओवाळणार. एक ओळ आहे गं. सोड ना." "एक ओळ आहे म्हणूनच," मी म्हटलं. "बिल्कुल हट्टी आहेस." "हो." इशितानं लगेच विचारलं, "हट्टी म्हणजे क्या?" अनुराग म्हणाला, "तुझी आई." मी हसले नाही, तसा तो उठला, आणि माझी ताटलीही त्यानंच उचलली.

गुरुवारी आई आली. आठवड्यातून एकदा ती मेट्रोनं येते, येताना मयूर विहारच्या बाजारातली मेथी घेऊन, नोएडात मेथी मिळतच नाही असा तिचा समज आहे. सोफ्यावर वर्तमानपत्र पसरून ती निवडायला बसली आणि मी तिच्यासमोर पान चौतीस धरलं. तिनं चष्मा वर करून वाचलं. चष्मा खाली केला. एक काडी मोडली.

"टंकलेखन लिहिलंय त्यांनी, आई."

"मग? टाइप तर मीच केलं होतं."

"आई!"

"ओरडू नकोस, पोर उठेल. कशाला उकरतेस गं? त्या माणसानं कॉम्प्युटर घरी आणून दिला. दुसऱ्या कुणी दिला नसता. कळलं असतं वर, तर त्यांच्यावरच आलं असतं."

"म्हणून तुझं काम गेलं तरी चालतंय?"

"गेलं कुठे? लायब्ररी होती ना. एसी होता तिथे. तुझ्या बाबांच्या ऑफिसात पंखासुद्धा नीट नव्हता." ती स्वतःच हसली. हे तिचं नेहमीचं. दुखरी जागा आली की ती तिथे एक विनोद ठेवते, पाटासारखा, आणि त्यावर बसून राहते. मी लहानपणापासून त्या पाटाच्या कडेनं चालत आले होते. त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "तुझं तू सोड, आई. तुझी मर्जी. पण हे सत्तेचाळीस तुझ्या एकटीचे नाहीत. उचलत मी होते. तीस वर्षं ऐकून घेतलंय की माझ्या हातानं तुटलं. बाबांचा विनोद, सगळे हसायचे..."

"तूही हसायचीस की."

"मी हसत नव्हते."

मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारी मीच होते. "मी आत जायचे, आई. ताटली घेऊन. फोन माझ्यामुळे तुटला हे सगळ्या दिल्लीला माहीत आहे. तो कुणाच्या बोलण्यावरून जोडला गेला, ते मला छापून हवंय. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी हवंय." मी रजिस्टर आणून तिच्यापुढे, मेथीच्या पानांवरच, उघडं टाकलं. तिनं त्या पेन्सिलीच्या आकड्यांवर हात ठेवला. तळहाताला मेथीची माती होती, ती कागदाला लागली, तिनं पुसायचा प्रयत्न केला आणि ती आणखीच पसरली. "खोकला होता तुला त्या आठवड्यात," ती म्हणाली. मी म्हटलं, "यात एक्केचाळीसच्या वर आकडा नाही. मग सत्तेचाळीस कुठून आले? की खरंच काकांनी..."

"काका काय मोजणार. बदलीआधी प्रोग्रॅम त्यांच्या हाती देताना वरचे सहा मी घातले."

"कशाला?"

ती माझ्याकडे बघून नाही, रजिस्टरकडे बघून बोलली, एखाद्या ज्युनिअरला सोपी गोष्ट पुन्हा सांगावी लागल्यासारखी. "अगं, तू चार वर्षांची होतीस. पोरीचं बोलणं वाढणारच ना. वर्षभरानं शाळेतलं सांगितलं असतंस फोनला. प्रोग्रॅम काय दर महिन्याला बदलत बसायचा?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. काही धुवायचं नव्हतं. पाण्याखाली हात धरून उभी राहिले. तो प्रोग्रॅम पुढे सात वर्षं चालला, दोनशे जिल्ह्यांत, हे काकांच्या लेखातच लिहिलेलं होतं. म्हणजे मी पाच वर्षांची झाले, सहा वर्षांची झाले, पहाडगंजच्या मराठी शाळेत जायला लागले, तेव्हाही कुठल्यातरी जिल्ह्याच्या ठिकाणी, कौलारू कचेरीत, तार खरखरली की सरकारचं एक यंत्र हातातलं काम थांबवून उभं राहत होतं. एक्केचाळीस सेकंद झाले तरी जात नव्हतं. आणखी सहा सेकंद थांबत होतं, एका मुलीचं शाळेतलं सांगून व्हावं म्हणून. त्या कचेरीतल्या माणसाला काय ठाऊक. त्यानं फक्त पाहिलं असेल की फोन तुटला नाही. मला कुणी कधी असं थांबल्याचं आठवत नव्हतं, आणि ते थांबणं देशभर चालू होतं. मला रडू आलं नाही. मला राग आला, स्वच्छ, अंगात बळ आणणारा राग, बऱ्याच वर्षांत न आलेला. टंकलेखन म्हणे.

हात पुसले आणि काकांना फोन लावला. बेडरूमच्या दारातून इशिता दिसत होती, उपडी झोपलेली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

"काका, केतकी बोलतेय. प्रुफांबद्दल."

"बोल बेटा, बोल! फार चुका आहेत का गं? आमचं मराठी आता अर्धं हिंदी झालंय."

"पान चौतीस, काका. सत्तेचाळीस सेकंद. ते कुठल्या एक्स्चेंजमध्ये मोजलेत?"

"अगं, ते... बरेच दौरे होते तेव्हा. तू तपशिलात कशाला शिरतेस? शुद्धलेखन तेवढं बघ."

"तेच बघतेय. चूक सापडलीय." माझा आवाज कापत होता, पण मी तो थांबवला नाही, कापू दिला. "त्या एक्स्चेंजचं नाव केतकी आहे, काका. आर. के. पुरमला राहायची. जास्तीत जास्त एक्केचाळीस सेकंद बोलायची, आणि पुढे जास्त बोलेल म्हणून वर सहा. आईची वही माझ्यासमोर आहे. तारखा आहेत. मला खोकला होता तेसुद्धा आहे."

पलीकडे त्यांच्या घरातल्या टीव्हीवर कुणीतरी बातम्या देत होतं, मग तो बंद झाला. त्यांचा श्वास ऐकू येत होता, जड, दोन टप्प्यांत चढणारा. एरवी अशा वेळी मीच घाईनं काहीतरी बोलून समोरच्याची सुटका करते; असू दे काका, सहज विचारलं. जीभ तिथपर्यंत आलीही. मी ती दातांत धरली आणि थांबले. किती वेळ ते मोजलं नाही. आई दारात येऊन उभी होती, हातात मेथीची काडी, आणि तिनं मला "नको" अशी खूण केली नाही. एवढं मी पाहिलं.

"प्रभा कधी काही म्हणाली नाही," काका शेवटी म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मॉनिटर मी चढवला होता, केतकी." एकदम बारीक, लहान मुलासारखा आवाज. "माझी पाठ धरली होती आठवडाभर. कुणी देत नव्हतं कॉम्प्युटर घरी न्यायला. मी दिला."

"ते मी लिहिते. खरं आहे ते, तेही छापू या."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर चारच्या आत दुसरं कुणी शोधा, काका. आणि रविवारी मी वही घेऊन पहिल्या रांगेत बसेन. तुम्हाला ओवाळेन, नमस्कार करेन, आणि कुणी विचारलं तर वही दाखवेन."

त्यांनी फोन ठेवला. 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ती चार वाक्यं खोडली. माझ्या हातून दुसऱ्याच्या लेखातला शब्दही आजवर न विचारता बदलला गेला नव्हता. त्याचा मला अभिमान होता. मी लिहिलं: '१९९४ साली खात्यासाठी मोडेमचा प्रोग्रॅम श्रीमती प्रभा यांनी आर. के. पुरमच्या आपल्या घरी, मुलगी झोपलेली असताना लिहिला. त्यासाठी खात्याचा कॉम्प्युटर घरी नेण्याची परवानगी मी माझ्या जबाबदारीवर दिली आणि मॉनिटर दोन जिने स्वतः उचलून चढवला. फोन मध्येच बिघडला तर वाट पाहण्याचा सत्तेचाळीस सेकंदांचा अवधी प्रभा यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलीचे फोनवरचे बोलणे मोजून ठरवला.' आईनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "'संपूर्ण प्रोग्रॅम' असं घाल," ती म्हणाली. मी वळून पाहिलं. "मघाशी तर म्हणत होतीस..." "आता लिहितेच आहेस, तर नीट लिही."

मी 'संपूर्ण' घातलं, वहीच्या पानाचा फोटो जोडला, मातीच्या डागासकट, आणि साधनाताईला पाठवून दिलं. वर लिहिलं: हे बदल काकांना कळवले आहेत, मान्य नसतील तर माझं नाव मुद्रितशोधनातून काढा. मग आम्ही दोघी मेथी निवडत बसलो. आई एकदा म्हणाली, "मंडळात आता तोंड कसं दाखवायचं?" मी म्हटलं, "हेच. हेच तोंड." सव्वातीनला साधनाताईचा निरोप आला. मी मोठ्यानं वाचला: "बाबा तासभर तेच पान घेऊन बसले होते. आता म्हणतात, दोन नाही, तीन जिने. तेवढं दुरुस्त कर आणि छापायला जाऊ दे." आई पानं चिवडत म्हणाली, "तीनच होते. आपण वरच्या मजल्यावर नव्हतो का?" मी दोनाचे तीन केले. दोघींनाही हसू येत होतं, ती तोंडावर पदर धरून हसली.

तेवढ्यात, खट्. इशिता उठून कधी हॉलमध्ये गेली आम्हाला कळलंच नाही. ती इंटरकॉमखालच्या चपलांच्या कपाटावर चढून बसली होती आणि रिसीव्हर कानाशी धरून आमच्याकडे बघत होती. परवाचं ओरडणं विसरली नव्हती, डोळ्यांत दिसत होतं. तरी उचललाच होता. मी काही बोलले नाही. शेजारी आईचा डावा हात नकळत वळला आणि तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "हॅलो," इशिता फोनच्या त्या कोऱ्या सुराला म्हणाली, "कोण बोलतंय? मी इशिता. आई काम करतेय. आजी पण इथेच आहे. आज मेथीचे पराठे आहेत." ती थांबली, ऐकलं, मान हलवली. मग रिसीव्हर न ठेवता, तो तसाच कानाशी घट्ट धरून, ती माझ्याकडे वळली.

"आई, मी हा ठेवलाच नाही, कधीच नाही ठेवला, तर तू किती वेळ थांबणार?"